पोरगं म्हणालं ‘मला फूटीच खेळायचंय’, तर

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबी, टार्नीट, पॉइंट कुक या पट्ट्यात, आपली मराठी घरं आता गल्लोगल्ली आहेत. पोरं इथल्या शाळेत जातात, मधल्या सुट्टीत तो लांबोडका चेंडू लाथाडतात आणि एक दिवस घरी येऊन जाहीर करतात की क्रिकेट पुरे, आता फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मी मूळची नाशिकची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. हिवाळ्यात रविवारी सकाळी इथल्या एका क्लबाच्या मुलांचे घोटे टेपने बांधून देते. त्यामुळे “ताई, यात पुढे काय असतं हो?” हा प्रश्न मला मैदानाच्या कडेला येतो, वाढदिवसाला येतो, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही येतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी आकडे, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. एएफएलमध्ये, म्हणजे फूटीच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, क्लब १८. तस्मानियाचा एकोणिसावा २०२८ मध्ये यायचा आहे. एका क्लबाच्या यादीत चाळीस-पंचेचाळीस खेळाडू. म्हणजे अख्ख्या देशात मिळून नोकऱ्या आठशेच्या आसपास, आणि दर नोव्हेंबरच्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, साधारण साठ-सत्तर नावं घेतली जातात. आयआयटीच्या जागा याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे मी एका बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. पण दार फक्त अठराव्या वर्षीच उघडतं असं नाही. ते पुढेही किलकिलं राहतं. तोवर पोराचं शरीर आणि शिक्षण दोन्ही शाबूत ठेवणं, एवढंच खरं तर आईबापाच्या हातात असतं.

ज्यांनी अजून एकही सामना नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंबगोल मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा जण, चार क्वार्टर. प्रत्येक क्वार्टर वीस मिनिटांचा, पण चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे तो अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, मधल्या आणि बाजूच्या खांबाच्या मधून गेला तर एक. चेंडू फेकायचा नाही. लाथ मारायची, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा (हा ‘हँडबॉल’). पंधरा मीटरपेक्षा लांबून आलेली लाथ कोणी हवेतच झेलली तर तो ‘मार्क’, आणि त्याला निवांत पुढची लाथ मारायला मिळते. बाकीचं दोन सामन्यांत कळतं. ऑफसाइड नाही, हे ऐकून फुटबॉलवाल्यांना आनंद होतो.

लहानपण

सुरुवात ऑसकिकने करा. शाळकरी वयाच्या मुलामुलींसाठीचा हा कार्यक्रम जवळपास प्रत्येक उपनगरात असतो. नोंदणी प्लेएचक्यू या संकेतस्थळावर होते, खर्च फार नाही. इथे कोणी जिंकत-हरत नाही. तुम्हीही मनातल्या मनात गुण मोजू नका. या वयात एकच कौशल्य मिळवायचं: ड्रॉप पंट ही मूळ लाथ, तीही दोन्ही पायांनी. चेंडू उभा धरायचा, टोक खाली. हात पायाच्या रेषेत खाली न्यायचा आणि सोडायचा, वर उडवायचा नाही. सगळी चूक त्या सोडण्यात होते, लाथेत नाही. रोज परसात दहा मिनिटं डाव्या पायाने आणि दहा उजव्या पायाने. सोळाव्या वर्षी डावा पाय शिकवायला बसलात तर आयुष्यभर तो सावत्रच राहतो, आणि क्लबांची निवड करणारी माणसं दोन मिनिटांत ते ओळखतात.

क्रिकेट सोडायला लावू नका. फूटी हिवाळ्यात, क्रिकेट उन्हाळ्यात. दोन्हींचा हंगाम जेमतेम एकमेकांना टेकतो. हवेतला चेंडू झेलण्याची नजर क्रिकेटमधून आयती मिळते. दोन खेळ खेळलेलं पोर एकाच खेळात जुंपलेल्या पोरापेक्षा जास्त दिवस टिकतं, असं माझं अनुभवाचं मत आहे.

आणि पालकांची कामं. आपल्याकडे सोडून यायचं आणि घ्यायला जायचं, एवढीच पद्धत. इथे तसं चालत नाही. गोल अंपायर, टाइमकीपर, कँटीनमध्ये सॉसेज भाजणं, मध्यंतराला संत्र्याच्या फोडी, टीम मॅनेजर, हे सगळं आईबापच करतात. मुलांबरोबर काम करण्याचं सरकारी कार्ड काढून घ्या आणि एखादं काम अंगावर घ्या. पोराला संघात ओळख मिळते, आणि कोण कोणाला ओळखतं हे तुम्हालाही कळतं. पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं कँटीनमध्येच कानावर पडतं.

बारा ते सोळा: इथेच सगळं बिघडतं किंवा जमतं

या वयाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत याच वयाची मुलं जास्त.

मूल भराभर उंच होतं तेव्हा हाडं आधी वाढतात आणि स्नायू मागून येतात. ताणलेला स्नायू हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे ओढ बसते. टाचेत दुखलं तर त्याला सेव्हर्स म्हणतात. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखलं तर ऑसगुड-श्लाटर. नावं भयंकर असली तरी दोन्ही बरी होतात. औषध एकच, खेळाचा भार कमी करणं. पूर्ण बंद नाही, कमी. दुखतंय तोवर उड्या आणि धावणं आवरतं घ्यायचं, झेलण्याचा आणि हँडबॉलचा सराव चालू ठेवायचा. दर महिन्याला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. खूण झपाट्याने वर सरकायला लागली की ते महिने जपायचे.

दुसरी गोष्ट कंबर. आपली मुलं उन्हाळ्यात वेगवान गोलंदाजी टाकतात आणि हिवाळ्यात दिवसाला शंभर लाथा मारतात. दोन्हींत कंबर वाकते आणि पिळवटते. चौदा-पंधरा वर्षांच्या गोलंदाजाची कंबर खाली एकाच बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर हळद-तेल लावून वाट बघू नका. तो मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो. वेळेत पकडला तर एक हंगाम जातो, नाही पकडला तर पुढे सगळ्यालाच मुकावं लागू शकतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. चांगलं खेळणारं पोर पंधराव्या वर्षी चार संघांत असतं: क्लब, शाळा, विभागाचा निवड संघ आणि क्रिकेट. चार कोच, चार सराव, आणि ते चौघे एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकाला वाटतं, पोर आपल्याकडे आठवड्यातून दोनदाच तर येतं! सगळा हिशोब दिसतो तो फक्त घरी. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवा. रोज किती वेळ खेळ झाला आणि पोराच्या मते तो दहापैकी किती कठीण होता, एवढंच लिहा. मिनिटं गुणिले कठीणपणा, आठवड्याची बेरीज. मोठे क्लबही मुळात याच पद्धतीने भार मोजतात, फक्त त्यांच्याकडे पाठीवर जीपीएस असतं. एखाद्या आठवड्याची बेरीज आधीच्या आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेली की एका कोचला फोन करून “आज तो येणार नाही” असं सरळ सांगायचं. आपल्याला भीड पडते. इथल्या कोचना त्यात काही वाटत नाही.

शाकाहारी घरांसाठी एक पोटकलम: लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची रक्ततपासणी जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, करून घ्या. मेलबर्नच्या हिवाळ्यात आपल्या कातडीला ऊन पुरत नाही. थकलेलं पोर आळशी समजून ओरडा खातं, आणि रिपोर्टमध्ये निघतं भलतंच.

डोक्याला मार लागला तर वाद नाही. कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) झालं की स्थानिक पातळीवर किमान २१ दिवस सामना नाही, शिवाय डॉक्टरचं पत्र लागतं. एका मुलाचे काका पुण्यात डॉक्टर. त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघून “ठणठणीत आहे” सांगितलं म्हणून बाबा भांडायला आले होते. मी टेपची गुंडाळी पिशवीत टाकली आणि गाडीकडे चालू लागले. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला पॅडी मकार्टिन आणि मेलबर्नच्या २०२१ च्या विजेत्या संघातला अँगस ब्रेशॉ, दोघांचीही कारकीर्द डोक्याच्या मारांमुळे वेळेआधी संपली. मऊ हेल्मेटने कन्कशन टळत नाही. कापलं-खरचटलं वाचतं, इतकंच.

उंचीची काळजी मात्र करू नका. “आमच्याकडे सगळे पाच-सहा, पाच-सातच हो,” असं आया म्हणतात. केलेब डॅनियल १६८ सेंटिमीटरचा. ड्राफ्टमध्ये ४६ वा निवडला गेला, २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जबरोबर विजेतेपद जिंकला. उंच माणूस लागतो तो रक म्हणून (खेळ सुरू होताना चेंडूसाठी उडी मारणारा) आणि गोलसमोर. बाकी जागांवर पाय आणि डोकं चालतं.

निवडीची वाट

व्हिक्टोरियात १९९२ पासून अठरा वर्षांखालच्यांची एक लीग आहे. आता तिला टॅलेंट लीग म्हणतात, कँटीनमधले आजोबा अजून टीएसी कपच म्हणतात. राज्याचे बारा विभाग आणि प्रत्येकाचा एक संघ. आपल्या पश्चिमेचा वेस्टर्न जेट्स. विभागाची माणसं क्लबांचे सामने बघून पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून मुलांना चाचणीला बोलावतात. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात हेच काम एसएएनएफएल आणि डब्ल्यूएएफएल या तिथल्या राज्य लीगच्या क्लबांचे युवा संघ करतात. ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि सिडनीच्या क्लबांच्या स्वतःच्या अकादम्या आहेत.

आपल्यासाठी आणखी एक पायवाट आहे. क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादम्या आदिवासी मुलांसाठी आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी काढलेल्या आहेत. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर विचारत बसू नका. विभागाच्या टॅलेंट मॅनेजरला ईमेल करा, त्यात आईवडिलांचा जन्म कुठला आणि घराचा पत्ता दोन्ही लिहा. लाजण्यासारखं यात काही नाही. लिन जाँगचे आईवडील तैवान आणि पूर्व तिमोरचे, तो बुलडॉग्जकडून खेळला. सुदानमध्ये जन्मलेला माजक डॉ नॉर्थ मेलबर्नकडून. बाशर हूलीने रिचमंडबरोबर तीन विजेतेपदं जिंकली, तीही रोजे सांभाळून.

बापाने एखाद्या क्लबाकडून शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क असतो. निक डेकॉस २०२१ मध्ये तसाच कॉलिंगवुडला गेला. आपल्यापैकी कोणाला हे लागू नाही, पुढे जाऊ.

ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे नेमकं बारावीचं वर्ष. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हीसीईच्या (इथल्या बारावीच्या) परीक्षा, ऑक्टोबरच्या आगेमागे कंबाइन म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्या, नोव्हेंबरात ड्राफ्ट. हा घोळ कोणी सोडवून देत नाही. अकरावीतच एखाद-दुसरा विषय उरकून ठेवता येतो का, हे शाळेला विचारा. कंबाइनमध्ये वीस मीटरची धाव, उभी उडी, धावत येऊन उडी, चपळाईची चाचणी आणि दोन किलोमीटर धाव असते. शिवाय डॉक्टरी तपासणी आणि मुलाखती. दोन किलोमीटरची तयारी जूनपासून करावी, सप्टेंबरात सुरू केली तर फक्त पिंडऱ्या भरून येतात. मुलाखतीत घरच्यांबद्दल, शाळेबद्दल, हरल्यावर काय करतोस याबद्दल विचारतात. क्लबांची माणसं घरीही येतात. पोहे करा, पण उत्तरं पोराला देऊ द्या.

एजंट घ्यायचा तर एएफएल प्लेयर्स असोसिएशनची मान्यता आहे का ते त्यांच्याकडूनच तपासून घ्या. सोळाव्या वर्षी घाई नको. आणि ड्राफ्टसाठी नाव स्वतः नोंदवावं लागतं, ते आपोआप जात नाही.

निवड झाली, आता?

क्लब निवडता येत नाही. तळाच्या क्लबाला पहिली संधी, हे तत्त्व १९८६ च्या पहिल्या ड्राफ्टपासून आहे. टार्नीटचं पोर पर्थला जाऊ शकतं, चार तासांचं विमान. पहिल्या वर्षी बरेच जण एखाद्या स्थानिक कुटुंबात राहतात. जाण्याआधी वरणभात, अंड्याची बुर्जी आणि कपडे धुणं शिकवा. हे मी गमतीत म्हणत नाहीये.

राष्ट्रीय ड्राफ्टमधून गेलेल्याला निदान दोन वर्षांचा करार मिळतो, रूकी म्हणून (मुख्य यादीबाहेरच्या जागेवर) घेतलेल्याला बहुधा एकाच वर्षाचा. वर्तमानपत्रात आकडा येतो तो सरासरीचा: २०२३ च्या करारानुसार पुरुषांची सरासरी २०२७ पर्यंत ५ लाख १९ हजार डॉलरवर जाणार. ही सरासरी वरच्या ताऱ्यांनी ओढलेली आहे. नव्या पोराला त्याच्या एका तुकड्याइतका ठरलेला पगार आणि वर खेळलेल्या सामन्यागणिक पैसे. जखमी झाला तर सामने नाहीत, म्हणजे तेवढे पैसेही नाहीत.

नोव्हेंबरात पूर्वतयारी सुरू होते, नवी पोरं सगळ्यांत आधी हजर. मार्च ते ऑगस्ट तेवीस सामने, मग बाद फेऱ्या, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एमसीजीवर अंतिम सामना. आठवडा सामन्याभोवती फिरतो: दुसऱ्या दिवशी गार पाणी आणि हलकी हालचाल, मग सगळ्यांसमोर व्हिडिओ लावून चुका, एक जोरदार सराव, आदल्या दिवशी हलका. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर पळतो. संघात जागा नसेल तर राखीव संघाकडून व्हीएफएलसारख्या खालच्या लीगमध्ये खेळायचं आणि वाट बघायची. पहिलं वर्ष बहुतेकांचं वाट बघण्यातच जातं.

क्लबात खेळाडूंच्या शिक्षणाकडे बघणारा माणूस नेमलेला असतो. पहिल्याच महिन्यात त्याला भेटायला सांगा आणि अर्धवेळ पदवी सुरू करायला लावा. वर्षाला दोनच विषय झाले तरी चालतील. टॉम बॉइड पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, २०१६ चं विजेतेपद जिंकला आणि तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. मनाच्या आजारपणाबद्दल तो उघड बोलला, तेव्हापासून क्लबात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं थोडं सोपं झालं. आपल्या घरांत ते अजून सोपं व्हायचंय.

आठ वर्षं एका क्लबात काढली तर फ्री एजंट म्हणून दुसरीकडे जाता येतं. तिथवर पोचणारे थोडे.

मुलींसाठी

एएफएलडब्ल्यू, म्हणजे महिलांची एएफएल, २०१७ मध्ये सुरू झाली, २०२२ पासून अठराही क्लबांचे संघ आहेत. पगार अजून खूप कमी: सरासरी २०२७ पर्यंत ८२ हजारांवर नेण्याचं ठरलंय. बऱ्याच जणी नोकरी किंवा शिक्षण करत खेळतात. मुलींच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो, आणि फाटला की नऊ ते बारा महिने बाहेर. त्यासाठी ‘प्रेप टू प्ले’ नावाचा व्यायामक्रम आहे: उडी मारून नीट उतरणं, वळणं, टॅकल घेणं. तुमच्या मुलीच्या क्लबात तो होत नसेल तर कोचला विचारा, वाईट वाटून घेऊ नका.

नाव आलं नाही तर

बहुतेकांचं येत नाही. त्या रात्री भाषण नको. दोन आठवडे चेंडू बाजूला ठेवा, मग पुढच्या गोष्टी करा.

व्हीएफएलच्या क्लबांशी बोला, ते डिसेंबरच्या आधी सराव सुरू करतात. एएफएल क्लबही उन्हाळ्यात काही जणांना सरावाला बोलावतात आणि हंगामाआधी जागा भरतात. शिवाय २०१९ पासून हंगामाच्या मध्यावर छोटा ड्राफ्ट पुन्हा सुरू झालाय. त्याच वर्षी साउथ फ्रीमँटलचा मार्लियन पिकेट त्यातून रिचमंडमध्ये गेला, वय २७, आणि पहिलाच सामना खेळला तो थेट अंतिम सामना. जिंकला. टिम केली तेविसाव्या वर्षी निवडला गेला. डेन स्वॉनला २००१ मध्ये ५८ व्या क्रमांकाने घेतलं, दहा वर्षांनी ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) त्याच्या गळ्यात होतं. पुन्हा नाव नोंदवायचं असेल तर प्रत्येक ड्राफ्टची मुदत वेगळी असते, ती कॅलेंडरवर टाकून ठेवा.

खेळ आवडतो पण निवड जमत नाही, अशा मुलांसाठी अंपायरिंग आहे. चौदाव्या वर्षापासून बाउंड्री अंपायर म्हणून दर सामन्याला पैसे मिळतात, धावणं भरपूर होतं आणि नियम पाठ होतात. अंपायरांचीही वरपर्यंत शिडी आहे, एएफएलपर्यंत. आमच्या भागात माणसं कमी पडतात. फेब्रुवारीत प्रशिक्षण सुरू होतं, शिट्टी अंपायर असोसिएशन देते, बूट तुमचे तुम्ही आणायचे.